‘आज काय ऐकलंत?’ : ध्वनिमुद्रण ऐकून दुसऱ्याला सांगण्याची रीत

सकाळी साडेसातला फोन वाजतो. आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटावर एका काकांचा निरोप आलेला असतो : ‘भीमसेनजींची तोडी ऐकतोय. अप्रतिम!’ त्याखाली सात जणांचे जोडलेले हात. मग सगळे आपापल्या आंघोळीला जातात.

यात काकांचं चुकलं असं नाही. आनंद झाला, त्यांनी कळवला. पण कोणती तोडी? तबकडीवरची, एलपीवरची, रेडिओवरची, की सवाई गंधर्व महोत्सवातली? भीमसेनजी साठएक वर्षं गात होते, आणि विशीतला आवाज नि साठीतला आवाज यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिवाय त्या तोडीत काकांना नेमकं काय सापडलं? ते कळलं असतं तर आम्हीही ती जागा शोधत बसलो असतो. आता फक्त एवढंच कळलं, की काका खूश आहेत.

गेली काही वर्षं आम्ही दहा-बारा जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसून ध्वनिमुद्रणं ऐकतो. त्यातला एकही गवई नाही. चुकत-माकत एक रीत बसत गेली, ती इथे लिहितो. एकट्याने ऐकणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल.

आधी नुसतं ऐका

पहिल्या ऐकण्यात वही नको, पेन नको आणि पडद्याखालचे अभिप्राय तर मुळीच वाचायचे नाहीत. कुणीतरी ‘२१ व्या मिनिटाला अंगावर काटा येतो’ असं लिहून ठेवलेलं असतं, आणि मग आपण वीस मिनिटं काट्याची वाट बघत बसतो.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नका. तो इवलासा स्पीकर खालचे स्वर वाजवूच शकत नाही. तानपुऱ्याची खर्जाची तार आणि तबलजीचा डग्गा, दोन्ही गायब होतात. उरते ती चाटीची, म्हणजे तबल्याच्या काठाची, टकटक आणि अधांतरी गळा. हजार-दीड हजाराचा बरा हेडफोनही पुरतो. आवाज किती ठेवायचा याची आमची खूण अशी : गाणं सुरू होण्याआधी तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. तेवढ्यावर थांबा.

आणि ती तानपुऱ्याची सुरुवात पुढे ढकलू नका, फार लोक ढकलतात. पहिली तार कशाला लावली आहे, पंचमाला, मध्यमाला की निषादाला, हे तिथेच कळतं. पंचम नसलेला राग असेल तर ती तार पंचमाला नसते. मालकंसात मध्यम असतो. मारवा-पूरियात बहुधा निषाद असतो. गवयाने तोंड उघडण्याआधीच अर्धा राग तानपुऱ्याने सांगून टाकलेला असतो.

मग ओळखपत्र लिहा

भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं १९०२ साली कोलकात्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रं घेऊन आला होता. त्यात गाणारी सर्वांत नावाजलेली गायिका म्हणजे गौहर जान. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःच इंग्रजीत ओरडून सांगते, ‘माय नेम इज गौहर जान!’ ही हौस नव्हती. मुद्रणं छापायला जर्मनीतल्या हानोव्हरला जात, तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळायला हवं, म्हणून ही घोषणा. आज सव्वाशे वर्षांनी आपण मात्र ‘ओल्ड क्लासिकल रेअर’ एवढ्या नावाची फाइल एकमेकांना पाठवतो.

ओळखपत्रात काय असावं? गायक-वादक, राग, बंदिशीचा मुखडा (पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ), ताल आणि लय, साथीदार, पट्टी (गायकाचा षड्ज कोणत्या सुरावर आहे ते), मुद्रण कशावरचं आणि कधीचं, एकूण लांबी. उदाहरण म्हणून अमीरखाँसाहेबांची मारव्याची एलपी घ्या. बडा ख्याल ‘पिया मोरे अनत देस’, झूमरा, अतिविलंबित. छोटा ख्याल ‘गुरु बिन ग्यान न पावे’, तीनताल. दुसऱ्या बाजूला दरबारी. एवढं लिहिलंत की जगाच्या पाठीवर कुणालाही नेमकं तेच मुद्रण सापडतं, कारण खाँसाहेबांचा मारवा आणखीही मैफलींतला उपलब्ध आहे आणि तो वेगळा आहे.

यातल्या तीन रकान्यांवर लोक अडतात, म्हणून तेवढे जरा सविस्तर.

*मुखडा.* विलंबितातले शब्द कळत नाहीत, ही सगळ्यांचीच तक्रार. कळले नाहीत तर कानाला आले तसे लिहा. ‘पिया मो... अन... दे’ एवढं जरी असलं तरी जाणकार माणूस पुढचं पुरं करतो. राग चुकीचा लिहिला तर शोध भलतीकडे जातो, मुखडा अर्धा लिहिला तरी बंदिश सापडते. म्हणून माझ्या मते रागाच्या नावापेक्षा मुखडा महत्त्वाचा आहे.

*ताल.* सम म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा. समेपासून समेपर्यंत, म्हणजे एका आवर्तनाला, घड्याळ लावा. सम कुठे? मुखड्याचा जो शब्द दरवेळी तबल्याच्या भरीव ‘धा’ किंवा ‘धिं’बरोबर पडतो, तिथे. आता मधल्या मात्रा मोजा. बारा आल्या तर एकताल, चौदा आल्या तर झूमरा किंवा आडाचौताल, सोळा आल्या तर तीनताल किंवा तिलवाडा. आवर्तनाला ५६ सेकंद लागले आणि मात्रा चौदा असतील, तर एक मात्रा चार सेकंदांची झाली. हा हिशोब केल्यावर आमच्यातल्या एका अभियंत्याला पहिल्यांदा कळलं की अतिविलंबित म्हणजे काय. तोवर तो ‘फार संथ’ एवढंच म्हणायचा.

*पट्टी.* फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असतं, ते लावून षड्ज जुळवा. नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून : पुरुष गायक बहुधा काळी एक, पांढरी दोन, काळी दोनच्या आसपास, बायका काळी तीन ते काळी पाचच्या दरम्यान. याला अपवाद आहेतच. किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांची पट्टी पुरुषांच्या मानाने फार उंच. पण पट्टी लिहायचं खरं कारण वेगळं आहे : तिच्यावरून मुद्रणाच्या वेगातली चूक पकडता येते. टेप सहा टक्के जलद फिरली की गाणं अर्धा स्वर वर चढतं, काळी एकचं पांढरी दोन होतं. गळा पातळ लागतो, ताना अमानुष वाटतात. एकदा आमच्या बैठकीत एका खाजगी मैफलीतल्या द्रुत तानांना अर्धा तास दाद दिली गेली. नंतर त्याच गायकाच्या दुसऱ्या तीन मुद्रणांशी पट्टी ताडून पाहिली, तेव्हा कळलं की निम्मी दाद आमच्या कॅसेट प्लेअरची होती. जुन्या तबकड्यांचंही हेच. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा नावाला, सुरुवातीच्या काळात वेग पुष्कळ खालीवर असे. तेव्हा फार जुनं मुद्रण कुणी इंटरनेटवर चढवलेलं असलं, तर पट्टी आणि लय यांबद्दल ठाम विधान करण्याआधी दुसरी प्रत ऐका.

साथीदारांची नावं विसरू नका. हार्मोनियमवर अप्पा जळगावकर आहेत, गोविंदराव पटवर्धन आहेत की तुळशीदास बोरकर, याने गाण्याचा पोत बदलतो. पण ते वेष्टणावर लहान अक्षरांत असतात किंवा मुळीच नसतात.

राग वेष्टणावर लिहिलाय, म्हणून तोच असेल असं नाही

लेबलं चुकतात. इंटरनेटवर तर सर्रास चुकतात. त्यातून काही राग मुळातच एकाच स्वरांचे. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच. पेटीवर स्वर काढून ‘भूप आहे’ म्हणणं म्हणून धोक्याचं. बघायचं ते हे, की गवई कुठे बसतो. गंधारावर विसावतोय, खालच्या अंगाने फिरतोय, संध्याकाळ उतरल्यासारखी वाटतेय, तर भूप. धैवत पुढे काढतोय, वरच्या अंगाला ओढ आहे, तर देशकार. तो सकाळचा.

मारवा, पूरिया आणि सोहनी यांचं त्रिकूट याहून मजेचं. स्वर तेच : कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात रिषभ आणि धैवत यांच्यावर भर, षड्ज सतत चुकवलेला, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या पायाखाली जमीन राहत नाही. पूरिया गंधार-निषादाला धरून मंद्रात खोल उतरतो. सोहनी तार सप्तकात भिरभिरते आणि फार वेळ थांबत नाही. हे तीन राग एका संध्याकाळी प्रत्येकी दहा-दहा मिनिटं पाठोपाठ ऐका. पुस्तकातली चार पानं वाचून जे कळत नाही ते अर्ध्या तासात कळतं.

आपल्याला शंका असेल तर ‘लेबलवर मारवा, मला पूरिया वाटतो, कारण गंधारावर फार थांबतात’ असं लिहावं. ‘कारण’ लिहिलंत की वाद गोड होतो. न लिहिता ‘हा मारवा नव्हेच’ म्हटलंत, तर काय होतं ते संगीतप्रेमींच्या कुठल्याही घोळक्यात उभं राहून पाहावं.

एक जागा दाखवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्याकडे काही शब्दांना बंदी आहे : अप्रतिम, स्वर्गीय, दैवी, अवर्णनीय, ब्रह्मानंदी. उच्चारला की पुढच्या बैठकीचे बटाटेवडे त्याच्याकडे. सुरुवातीचे सहा महिने वड्यांना तोटा नव्हता.

बंदीचं कारण असं, की हे शब्द ऐकणाऱ्याविषयी सांगतात, गाण्याविषयी काहीच नाही. त्याऐवजी मिनिट-सेकंद लिहा आणि तिथे काय घडलं ते साध्या मराठीत लिहा. शास्त्रीय परिभाषा येत नसेल तर उत्तमच. माझ्या वहीतली एका घरगुती मैफलीची नोंद जशीच्या तशी देतो :

‘१४:२० – मुखडा उचलला, सगळ्यांना वाटलं आता सम. बाई सम येण्याआधीच थांबल्या, श्वास घेतला. सम रिकामी गेली. तबलेवाल्याने काहीच भरलं नाही, नुसता ठेका. मागे कुणीतरी हसलं. पुढच्या आवर्तनात तोच मुखडा, पण या वेळी समेवर इतका हलका ठेवला की जणू मघाशी काही झालंच नव्हतं.’

यात एकही स्वराचं नाव नाही. तरीही ही नोंद वाचून आमच्यातल्या पाच जणांनी ती जागा पुन्हा ऐकली आणि दोघांनी मला खोडून काढलं. त्यांच्या मते बाई चुकल्या होत्या आणि तबलेवाल्याने सांभाळून घेतलं. असेलही. पण भांडायला काहीतरी हातात आलं.

काय शोधायचं हे सुचत नसेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी मान कुठे हलवली? मान आधी हलते, कारण नंतर सापडतं. मागे जा, ती तीस सेकंदं चारदा ऐका. कधी तो स्वराचा लगाव असतो, कधी शब्दावरचा भार, कधी नुसती शांतता. न आवडलेली जागाही लिहा, मात्र तितक्याच नेमकेपणाने. ‘हल्लीचे लोक नुसत्या ताना मारतात’ ही नोंद नव्हे, तो पानपट्टीवरचा उद्गार झाला.

तीन मिनिटांची तबकडी ऐकण्याची वेगळी सवय

एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावत. त्याआधीच्या ७८च्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन, मोठ्या आकाराच्या तबकडीवर चार-साडेचार. तासभर एक राग गाणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत आटपायचं होतं. त्यातून विजेचा मायक्रोफोन येण्याआधी, म्हणजे १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे.

त्यामुळे या तबकड्या एकदाच ऐकून ‘खरखर फार आहे’ म्हणून सोडू नका. आमची पद्धत लागोपाठ तीनदा ऐकण्याची. पहिल्यांदा कानाला खरखरीची सवय होते. दुसऱ्यांदा बंदिश दिसते. तिसऱ्यांदा कळतं की गवयाने काय काय गाळलंय, आणि तिथेच त्याचा निवाडा दिसतो : तीनच मिनिटं दिली तर रागातलं काय वाचवायचं?

सुरुवात केसरबाई केरकरांपासून करा. गोव्यातल्या केरीच्या या बाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर भारतातलं एकच गाणं आहे, ते हे. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. पण अवकाशाची गोष्ट सांगून थांबू नका, तसं सगळेच करतात. आवाजाची जाडी किती एकसारखी राहते, खाली-वर जाताना ती कुठेच विरळ कशी होत नाही, ते ऐका आणि ते सांगा.

जोडी लावा

एकटं मुद्रण ऐकलं की मत होतं, दोन शेजारी ठेवली की दृष्टी येते. जोड्या लावण्याचे पुष्कळ प्रकार आहेत, मला सर्वांत फलदायी वाटलेला म्हणजे एकाच गळ्याची दोन वयं. गंगूबाई हनगलांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या लावा. बारीक, उंच, मुलीचा आवाज. मग त्यांची उत्तरायुष्यातली कुठलीही मैफल लावा. घशाच्या दुखण्यानंतर आवाज भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. नाव न सांगता ऐकवलं तेव्हा आमच्यातल्या कुणीही ही एकच बाई म्हणून ओळखली नाही. पण स्वर सावकाश उघडण्याची किराण्याची रीत दोन्हींत सापडते. ती कोणत्या जागी सापडली, ते प्रत्येकाने लिहायचं.

दुसरी जोडी : अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाहीं आवत चैन’ आणि तीच ठुमरी सैगलच्या आवाजात, १९३५च्या ‘देवदास’मधली. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, तिथे त्यांच्या स्मृतीचा उत्सव दरवर्षी दर्ग्यात भरतो. सांगली-मिरजेच्या माणसाला पहिली सोडून दुसरी आवडली असं म्हणवत नाही, पण म्हणून पाहावं.

तिसरी जोडी किशोरीताई आमोणकरांच्या भूपाची. एलपीवरचा ‘प्रथम सूर साधे’ आणि ‘सहेला रे’ घ्या, आणि त्यांच्याच एखाद्या मैफलीतला भूप. स्टुडिओत बसून, घड्याळाकडे एक डोळा ठेवून मांडलेला भूप आणि रसिकांसमोर वाहत गेलेला भूप. आमच्या गटात यावरून सरळ दोन तट पडले आहेत. मी एलपीच्या बाजूचा.

बैठक भरवायची असेल तर

दहा-बारांपेक्षा जास्त माणसं नकोत आणि दीड तासापेक्षा जास्त वेळ नको. तीन मुद्रणं खूप झाली. दर वेळी एकच जण निवड करेल आणि दोन मिनिटांत ओळख करून देईल. दोन म्हणजे दोनच, नाहीतर घराण्याचा इतिहास सुरू होतो आणि गाणं राहून जातं. वेळेचा राग वेळेला लावता आला तर लावा. संध्याकाळी सहाला भैरव लावायला कायद्याने बंदी नाही, पण मारवा लावला तर खिडकीबाहेरचा उजेडही साथीला बसतो.

चालू गाण्यात बोलायचं नाही, दाद मात्र द्यायची. चहा मुद्रणांच्या मध्ये, मुद्रणाच्या मध्ये नाही. संपल्यावर एक मिनिट कुणीच काही म्हणायचं नाही. आणि मग सर्वांत नवख्या माणसाने पहिलं बोलायचं. हा नियम आम्ही उशिरा शोधला आणि त्याने बैठक वाचली. आधी जाणकार बोलायचे, मग उरलेल्यांना ‘हो ना’ एवढंच म्हणायला उरायचं.

मिळवणं आणि देणं

बाजारात अधिकृतपणे मिळतं ते तिथूनच ऐका. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासूनचा, त्यातली पुष्कळ मुद्रणं पुढे प्रसिद्ध झाली आहेत. जुन्या तबकड्यांची माहिती हवी असेल तर संग्राहकांना विचारा. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने या कामी मोठी मजल मारली आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यानंतर ते खुलं होतं. तोवर फाइल न पाठवता दुवा आणि ओळखपत्र पाठवणं बरं. खाजगी मैफलीचं मुद्रण हातात असेल तर कलाकाराला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय जाहीर करू नका. गवई थकलेला असताना, चार ओळखीच्या माणसांत गायलेलं असतं ते.

घरात कॅसेटी असतील तर त्या आधी उतरवून घ्या, बाकी सगळं नंतर. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे नि मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. संगणकावर पहिली प्रत न दाबता, वेव्ह स्वरूपात ठेवा, खरखर काढायची झाली तर दुसऱ्या प्रतीवर काढा. उत्साहाने खरखर पुसणारे बहुतेक वेळा तानपुराही पुसतात. आणि कॅसेटच्या वेष्टणाचा, दोन्ही बाजूंचा, फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगतो. वडील गेल्यावर त्यांच्या चाळीस कॅसेटी माझ्याकडे आल्या. एकीच्या वेष्टणावर बॉलपेनने फक्त एवढंच : ‘पाऊस. मध्ये लाईट गेले. तरी गायले.’ टेपरेकॉर्डर बॅटरीवर असावा, कारण लाईट गेल्यावर माइकचा घुमारा नाहीसा होतो आणि गाणं तसंच चालू राहतं, उघड्या गळ्याने, मागे पत्र्यावर पाऊस. वडिलांचं खोकणं एकदा ऐकू येतं. बैठकीत आम्ही ती पाच वेळा लावली आहे. ओळखपत्र आजच्या तारखेला असं :

राग : गौडमल्हार. ताल : विलंबित तीनताल, नंतर द्रुत. पट्टी : काळी एक, वेग तपासलेला. साथ : तबला, पेटी. पेटीवाले फार जुने-जाणते. लांबी : ४१ मिनिटं, शेवट तुटलेला. जागा : २३:०५, लाईट जाण्याचा क्षण, गवई तान अर्धी सोडत नाहीत. गायक :